जीपला बसवलेले मऊ पाटे

आमच्या घरी जीप होती. जीप म्हटल्यावर फार काही डोळ्यांपुढं आणू नका. लढाईतून उरलेली, सरकारी लिलावात कुणीतरी घेतलेली, त्याच्याकडून दुसऱ्यानं, दुसऱ्याकडून तिसऱ्यानं, आणि त्या तिसऱ्याला आणखी कुणी गिऱ्हाईक सापडेना तेव्हा आमच्या ह्यांनी. दिग्रसपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. बाकी सगळ्यांकडं बैलगाड्या होत्या. त्या निघायच्या वेळी निघत आणि थांबायच्या जागी थांबत. आमच्याकडं मोटार, म्हणून आम्ही मोठे लोक. मोठे लोक म्हणजे रोज सकाळी चौघांनी मागून ढकललेले लोक.

ही जीप बनवणाऱ्यानं माणसाच्या हाडांचा काही विचार केला नव्हता. गाडीच्या खाली चार पाटे असतात. लोखंडी पट्ट्या एकावर एक ठेवून आवळलेल्या आणि थोड्या वाकवलेल्या. चाकाला बसलेला धक्का त्यांनी आपल्या पोटात घालायचा आणि वरच्या माणसाला कळू द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. आमच्या जीपचे पाटे भलतेच प्रामाणिक होते. रस्त्यावरचा एकेक खडा ते वरपर्यंत पोचवत. आमच्याकडचे रस्ते तेव्हा काळ्या मातीचे, पावसाळ्यात चिखलात पडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात वाळून दगड होत. मोटारीत बसून आल्यावर माणूस उभ्यानंच जेवायचा.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. संक्रांत झाली होती, ज्वारी घरात आली होती, कापसाची शेवटची वेचणी चालली होती आणि मला दिवस गेलेले होते. दुसऱ्यांदा.

पहिल्यांदाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्याच्या दोन वर्षं आधी मी भावाच्या लग्नाला मुकुटबनला गेले होते. मुकुटबन माझं माहेर. आमचं गाव जिल्ह्याच्या ह्या टोकाला, मुकुटबन त्या टोकाला, आणि मधे सगळा यवतमाळ जिल्हा आडवा पडलेला. लग्न झालं आणि हे जीप घेऊन मला आणायला आले. घरी पोचून आठवडाही झाला नाही तर पोटातलं गेलं. सहावा महिना होता.

निकाल लगेच लागला. साक्षीपुराव्याची गरजच नव्हती. "गचक्यानं गेलं," आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. "भावाच्या लग्नाची हौस भोवली." मग हे वाक्य पाणवठ्यावर गेलं, तिथून पारावर गेलं, आणि सगळ्या गावानं मिळून ठरवलं की मी जिल्हाभर उंडारायला गेले नसते तर आत्याबाईंच्या मांडीवर नातू खेळला असता. मी बोलत नव्हते असं नाही. माझी जीभ काही माहेरी राहिली नव्हती. पण काय बोलणार? मलाही तेच वाटायचं. ह्यांनी मात्र त्यावर कधी एक शब्द काढला नाही. माणूस काही बोलला नाही की आपण समजतो त्याला काही वाटत नाही. मीही तसंच समजले आणि मनातल्या मनात त्यांना चार शिव्या दिल्या.

आता पुन्हा दिवस गेले. मला बाळंतपणाला माझ्या आईजवळ जायचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीतच आहे, त्यात मी जगावेगळं काही मागत नव्हते. आईला दमा. चार पावलं चालली की ओट्यावर बसायची, ती काय दोन मोटारी बदलून माझ्याकडं येणार! जायचं तर मलाच जायला हवं होतं. रात्री झोप लागायची नाही, भीती वाटायची. वाटायचं, ह्याही वेळी काही झालं तर निदान आईचा हात डोक्यावर असावा.

"या खेपेले उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही," आत्याबाईंनी सांगितलं.

"आत्याबाई, मी एस.टी.नं जाईन. हळूहळू जाईन."

"एस.टी.ले काय चाकं नाहीत? तिले गचके नाहीत? तुले माय पाह्यजे का लेकरू पाह्यजे, ते सांग मले."

मी गोठ्यात गेले आणि म्हशीच्या गळ्यात पडून रडले. म्हैस बरी होती, ती काही विचारत नव्हती.

त्यानंतर हे कापसाच्या कामानं नागपूरला गेले आणि येताना पोत्यात काहीतरी जड बांधून आणलं. मला वाटलं, डोहाळ्याचं काही असेल. संत्री असतील. पोतं सोडलं तर आत लोखंड. चार नवे पाटे.

"मऊ हायेत," हे म्हणाले. इतक्या कौतुकानं म्हणाले की मी हात लावून पाहिला. लोखंड ते लोखंडच. "मोठ्या लोकांच्या मोटारीले असतात, तसे. दुकानदार म्हणे जीपलेही बसतात."

बसतात! पुढं सगळ्या आयुष्यात मी पाहिलं, दुकानदार 'बसते' म्हणतो तेव्हा बसवायला तो येणार नसतो.

आत्याबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. हे त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. "मा, गाडी मऊ करतो. पाळण्यासारखी. मंग जाऊ देशीन का हिले?"

आत्याबाईंनी सुपातून नजरही वर केली नाही. "पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर गाडीत ठेव. आपल्या दारापासून नाल्यापर्यंत ने आन् वापस आण. थेंब सांडला नाही, त जाऊ दे तिले."

त्यांना वाटलं, असं कधी होणारच नाही. मलाही तसंच वाटलं. तरी त्या क्षणापासून माझं माहेर ह्या माणसाच्या हातातल्या पान्यावर लटकलं, आणि हा माणूस तोवर फक्त बैलगाडीचं चाक काढून पुन्हा बसवायला शिकला होता.

दिग्रसला मिस्त्री नव्हता असं नाही. चांगला होता. पण आमचे हे मॅट्रिकपर्यंत शिकलेले. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसाला दुसऱ्याला विचारायला लाज वाटते, ती पुरतं शिकलेल्याला वाटत नाही आणि मुळीच न शिकलेल्यालाही वाटत नाही. "त्यात काय हाये?" हे म्हणाले. "चार बोल्ट उघडायचे, चार कसायचे. आपला हात जगन्नाथ."

जगन्नाथानं कामाला सुरुवात केली. जीप अंगणात आणली. बाभळीचे ओंडके लावून वर उचलली. उचलायला अर्धं गाव आलं आणि अर्धं पाहायला. बोल्ट गंजून असे बसले होते की त्यांना निघायची काही इच्छा दिसत नव्हती. हे त्यांच्यावर घासलेट ओतत, पहारीनं झोंबत, आणि मधूनमधून बोल्टाच्या आईबहिणीचा उद्धार करत. मी घरातून ऐकत होते. पोटातलं मूल पहिल्यांदा जे काही शिकलं असेल ते हे.

एकेक पाटा काढून एकेक बसवावा, एवढी अक्कल साध्या खाटेचा पाय बदलताना माणूस वापरतो. ह्यांनी चारही पाटे एकदम काढले. मग ओंडका सरकला आणि जीप अंगणात पोट टेकून बसली, म्हैस डबक्यात बसते तशी. ना उठेना, ना हलेना. पुढचा पाटा कुठला, मागचा कुठला, डावा कुठला, उजवा कुठला, हे आता कुणालाच सांगता येईना, कारण सगळे एका ढिगात. आत्याबाईंनी ही संधी वाया जाऊ दिली नाही. सपाट, उन्हात तापलेलं आणि कोंबड्यांची चोच न पोचणारं असं काही मिळालंय म्हटल्यावर त्यांनी बोनेटवर मुगाच्या वड्या घातल्या. पुढचे कितीतरी दिवस ह्यांना आधी वड्या उचलायला लागत आणि मग काम.

आणि सल्ले! मोटारीबद्दल गावात कुणाला काही येत नव्हतं, पण गाडी सगळ्यांकडं होती, त्यामुळं मत सगळ्यांना होतं. पाटा बसवायचा तर बाक वर करून की खाली करून, ह्यावर पारावर दोन तट पडले. पलीकडच्या तांड्यातले एक म्हातारे काका रोज येऊन बसत. त्यांच्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोणी लादून सगळा मुलूख पालथा घातलेला, तेव्हा ओझं कसं वाहावं ह्यात त्यांच्या शब्दापुढं कुणाचं चालायचं नाही. आत्याबाईंना ते याडी म्हणत, म्हणजे आई; वयानं स्वतः दहा वर्षांनी मोठे असून. "पाहा बरं याडी," ते म्हणाले, "बैलाच्या मानेवर जू कसं बसते? बाक वर. ओझं वाहायचं त बाक वरच पाह्यजे. हे त पोट्ट्यालेही समजते."

झालं! पुढचे दोन पाटे जुवासारखे बसवले. जीपनं पुढून अशी मान वर केली की आभाळात कुणी ओळखीचं आहे का पाहतेय. हे आत बसले तर त्यांना रस्ता दिसेना, फक्त घारी दिसत होत्या. मग सगळं पुन्हा सोडलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं माझ्या तोंडून निघालं, तर हे ओरडले, "तू चूप बस वो! कोणासाठी करून राह्यलो मी हे?"

मला राग आला होता, पण मग मी त्यांच्याकडं नीट पाहिलं. हातांची सालं निघाली होती त्यांच्या. नखं काळी पडली होती. रोज सकाळी शेतावरून येऊन त्या जीपखाली पाठीवर सरकायचे आणि दोन्ही पाय तेवढे बाहेर दिसायचे.

बाक खाली करून पाटे लावले, तर ते बोटभर आखूड. एका टोकाची खीळ भोकात गेली की दुसऱ्या टोकाची अडते. नागपूरच्या दुकानदाराला माझा नमस्कार. शेवटी कुणाच्या तरी ध्यानात आलं की वरून वजन टाकलं तर पाटा दबतो, आणि दबला की लांबतो. मग वजन म्हणून माणसं बसवायला लागली. ज्यांना जन्मात कुणी मोटारीत बसा म्हटलं नव्हतं ते धोतर सावरून जीपमध्ये बसले, चहा मागितला, पान मागितलं, आणि खीळ शिरल्यावरही उतरायला तयार होईनात. चहा मी करत होते. सातव्या महिन्यात, वजनांसाठी.

असे चारही पाटे बसले. खरंच बसले! हे चाकं लावायला निघाले, आणि तिथंच थांबले असते तर ही गोष्ट सांगायलाच नको होती.

चाकाच्या मागं एक लोखंडी डबा होता. "उघडलंच हाये त पाहून घेऊ," म्हणत ह्यांनी तो काढला. आत चंद्रकोरीसारखे दोन तुकडे आणि त्यांच्यावर खरबरीत पट्टे. कोरडे ठण्ण.

आता आमच्याकडची रीत सांगते. गाडी जुंपायच्या आधी तिला वंगण द्यायचं. एरंडीचं तेल, त्यात काजळी कालवायची, आणि जे जे फिरतं, जे जे घासतं, तिथं ते भरायचं. प्रत्येक गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं. कोरडी, कुरकुरणारी गाडी वेशीतून काढणं म्हणजे उघड्या अंगानं बाजारात जाणं. लोक गाडीच्या आवाजावरून माणसाची परीक्षा करत. मुलगी द्यायची तर आधी गाडी ऐकत.

तेव्हा ते कोरडे पट्टे पाहिल्यावर काय झालं असेल, तुम्हीच समजून घ्या. सगळ्या अंगणाला हळहळ वाटली. "अरेरे," काका म्हणाले. "इतके वर्स बिचारं कोरडंच घासून राह्यलं!"

"म्हणूनच त गचके देत होती नं मंग!" हे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता.

आत्याबाईंनी स्वतः उठून देवळीतली एरंडीच्या तेलाची बाटली काढून दिली. चारही चाकांच्या आत, त्या पट्ट्यांना, अगदी हातानं चोळून चोळून तेल लावलं. बाळाला लावतात तसं. ते पट्टे घासण्यासाठीच बनवलेले आहेत, त्यांच्या घासण्यानंच गाडी थांबते, ह्याला ब्रेक म्हणतात, हे त्या अंगणात कुणाला माहीत नव्हतं. ह्यांना ब्रेक माहीत होता, पण पायाखालचा. पायाखाली दाबलेलं कुठं जाऊन पोचतं ह्याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. हातब्रेकाचा दांडा तर मागंच निघून हातात आला होता, त्यानं आम्ही बंबातली लाकडं सारत असू.

परीक्षेचा दिवस. बोनेटवरच्या वड्या निघाल्या. जीपला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी विहिरीचं पाणी आणून घागर काठोकाठ भरली. हे ती मागच्या बाकावर ठेवायला गेले तर आत्याबाई पदर खोचून पुढं आल्या.

"घागर मी धरतो. तू मुंगीच्या पायानं चालवशीन आन् म्हणशीन सांडलं नाही. मी बसल्याबिगर मले पटणार नाही."

"मा, तू कायले?"

"काहून? सुनेले बसवून राह्यला, मायले नाही बसवत?"

जन्मात मोटारीत न बसलेली ती बाई ह्यांच्या शेजारी मांडीवर घागर घेऊन बसली. चौघांनी ढकललं, जीप सुरू झाली. आमच्या दारापासून नाल्यापर्यंत सगळा उतार. मधे मारुतीचा पार, पाराजवळ गावातला सगळ्यात नामांकित खड्डा, आणि खाली नाल्याच्या अलीकडं खळं. मी दारात उभी होते, तिथून सगळं दिसायचं.

आणि काय सांगू, जीप खरंच मऊ झाली होती! अशी डुलत निघाली की पाहत राहावं. खालीवर, खालीवर, जशी काही झोपाळ्यावर बसलीय. पाराजवळचा खड्डा आला. मी डोळे मिटले. उघडले तर जीप खड्ड्याच्या पलीकडं आणि आत्याबाईंच्या मांडीवर घागर जशीच्या तशी. मुकुटबन दिसायला लागलं मला. आईचा ओटा दिसायला लागला.

मग ह्यांचा आवाज ऐकू आला. "मा! ब्रेक लागून नाही राह्यला!"

"नाही लागत त लाव नं!" आत्याबाई ओरडल्या.

"लावून राह्यलो वो! लागतच नाही!"

जीपनं वेग घेतला. बकऱ्या पळाल्या, पारावरची माणसं उठून उभी राहिली, कुणीतरी "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडलं, जणू हे हौसेनं चालले होते. आत्याबाईंनी काय करावं? उडी मारावी, देवाचं नाव घ्यावं? त्यांनी घागर छातीशी घट्ट धरली. आणि जीप डुलत डुलत, कुठंही गचका न देता, खळ्यावरच्या आमच्याच कडब्याच्या गंजीत जी शिरली ती मागची दोन चाकं तेवढी बाहेर राहिली.

सगळं गाव धावलं. मीही निघाले, पण मला धावता येत नव्हतं. पोट धरून चालत चालत मी पोचले तोवर दोघांना बाहेर ओढून काढलं होतं. ह्यांच्या कपाळाला खरचटलं होतं. आत्याबाईंच्या अंगाला ओरखडाही नाही, पण घागर सगळी त्यांच्याच अंगावर. ओलं लुगडं, केसांत कडबा, आणि भोवती माणसं उभी राहून वाद घालतायत की सांडलं म्हणायचं की नाही. "रस्त्यानं एक थेंब सांडला नाही," काका सांगत होते. "गंजीतलं धरायचं नाही याडी, ते परीक्षेच्या बाहेरचं हाये!" दुसरा म्हणे, नियम म्हणजे नियम.

आत्याबाईंनी हात हलवला. "जा बापहो आपापल्या घरी. जित्ती हाये मी."

लोक नाइलाजानं गेले. खळ्यावर आम्ही तिघंच उरलो. आत्याबाई पेंढ्यांवर बसल्या होत्या आणि उठायचं नाव घेत नव्हत्या. इतके दिवस दाबून ठेवलेलं माझ्या तोंडून बाहेर आलं.

"सांडलं नं! झालं तुमच्या मनासारखं! नाही जात मी आता माहेराले. मरतो इथंच एकटी. मंग म्हणा, चहा केल्यानं मेली!"

मी रडत होते. मला वाटलं आत्याबाई आता माझी चामडी लोळवतील. त्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तशा म्हणाल्या, "खाली येता येता मले वाटलं, आता मरतो. आन् मले ते तिघं दिसले."

"कोण तिघं?" हे म्हणाले.

"याच्या आंधीचे. तुह्या आंधीचे. तीन गेले माहे. एक पाचव्यात, एक सातव्यात, आन् एक झाल्यावर, रडलाच नाही." त्या लुगड्याचा पदर पिळत होत्या, पाणी कधीच निथळून गेलं होतं तरी. "मी कुठी गेली होती? गाडीत बसली नाही, बाजाराले गेली नाही. माहेर त मले नव्हतंच. घरातल्या घरात गेले तिन्ही. माही सासू म्हणे, हिनं ग्रहणात भाजी चिरली. दुसऱ्या खेपेले म्हणे, हिनं गरम खाल्लं. तिसऱ्या खेपेले काय म्हणे ते मी ऐकलंच नाही."

मी रडायची थांबले. इतकी वर्षं त्या घरात मी एका चुलीवर त्यांच्यासोबत स्वयंपाक केला होता.

"मंग तुमी मले काहून म्हटलं, गचक्यानं गेलं म्हणून?" मी विचारलं.

"काही त म्हणा लागते नं पोरी," आत्याबाई म्हणाल्या. "नाहीतर कोणाले पुसावं?"

तेवढ्यात ह्यांनी विचारलं. आवाज असा की मी वळून पाहिलं, मला वाटलं दुसरंच कुणी आलंय. "मंग माह्यानं नाही गेलं ते?"

"काय?"

"मी लय जोरात आणली होती गाडी, मा. मुकुटबनवरून येताना. ही म्हणे हळू चालवा. मी शिट्टी वाजवत होतो." एरंडीच्या तेलानं आणि काजळीनं माखलेले हात त्यांनी तसेच तोंडावर घेतले. "दोन वर्सं झाले. मी शिट्टी वाजवत होतो."

माझ्यावर आळ आला म्हणून मी दोन वर्षं जळत होते, आणि हा माणूस माझ्याच शेजारी झोपून आपल्या एकट्याच्या माथ्यावर सगळं घेऊन बसला होता आणि बोलला नव्हता. असा राग आला मला, आणि अशी माया आली, की दोन्हींचं काय करावं समजेना.

"कोणाच्यानंच नाही रे बापा," आत्याबाई म्हणाल्या. "तुह्यानं नाही, तिच्यानं नाही. तुह्या गाडीनंही नाही." मग माझ्याकडं वळल्या. "तू जाय वो मायजवळ. कशानंही जाय."

दिग्रसचा मिस्त्री येऊन पाहून गेला. पाटे उत्तम बसले आहेत म्हणाला. ब्रेकचे पट्टे मात्र नवे आणायला लागतील, आणि आधीचे लोणच्यासारखे तेलात मुरलेत, ते मेहेरबानी करून कुणी खाऊ नका. नवे पट्टे नागपूरहून येईपर्यंत थांबायला मी तयार नव्हते. मी एस.टी.नं निघाले. आत्याबाई म्हणाल्या, मी येतो सोबत, आणि लुगडी बांधून निघाल्यासुद्धा.

पुढं मुकुटबनला मुलगी झाली, चांगली धडधाकट. रडली ती इतकी रडली की माझी दम्याची आई म्हणाली, हिचा थोडा श्वास मला द्या. ते सगळं नीट झालं. पण मला जास्त आठवतो तो एस.टी.तला प्रवास. गचके असे बसत होते की डोकं टपाला लागावं, आणि सांगायला हरकत नाही, आम्हाला दोघींना त्याचं काहीच वाटत नव्हतं. दारव्ह्याचा बाजार होता त्या दिवशी. तिथं एक बाई टोपली घेऊन चढली आणि आमच्या शेजारी बसली. माझ्या पोटाकडं पाहिलं, कितवा महिना विचारलं, माहेर कुठलं विचारलं. अनोळखी बायका विचारतात ते सगळं विचारलं. मग आत्याबाईंकडं वळली.

"आन् तुमाले किती लेकरं, बाई?"

हा प्रश्न मी त्यांना शंभरदा विचारलेला ऐकला होता, आणि शंभरदा त्या म्हणाल्या होत्या, एक. मोटार एका खड्ड्यातून गेली. त्यांनी समोरचा दांडा धरला.

"चार," आत्याबाई म्हणाल्या. "एक हाये."